स्टार-डेल्टाच्या जुन्या केबलवर ६० एचपीचा ड्राइव्ह चालेल का? मोटार १३० मीटर अंतरावर आहे

पाणीसंस्था_शिरोळ

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात आमची उपसा सिंचनाची छोटी सहकारी संस्था आहे. कृष्णेच्या काठाला जॅकवेल (नदीचं पाणी घेणारी विहीर), त्यावर ६० एचपी म्हणजे ४५ किलोवॅटची चार पोल मोटार. प्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा, ७९ अँपिअर. संचालक मंडळात मी सगळ्यात तरुण आणि आयटीआय केलेला, म्हणून विजेचं खातं माझ्या गळ्यात. ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, मात्र आजवर हाताळलेला नाही.

२०१९ च्या पुरात पॅनल बुडालं. दुरुस्त करून तिथंच बसवलं, ते २०२१ च्या जुलैत परत बुडालं. त्यानंतर पॅनलची खोली वर, गावाच्या अंगाला बांधली. मोटार दरवर्षी पूर यायच्या आत चेनपुलीनं उचलून घेतो. खोलीपासून मोटारीपर्यंत केबल भरते १३० मीटर. स्टार-डेल्टा (मोटार आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्णवर नेणारा स्टार्टर) असल्यामुळे तीन कोअर २५ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम आर्मर्डचे (धातूच्या कवचाच्या केबलचे) दोन रन टाकलेत, अर्धे जमिनीत, अर्धे काठावरच्या खांबांवर उघडे. मोटार एकदा भरून (रिवाइंड करून) घेतली आहे. जॅकवेलवर मोटारीच्या टर्मिनललाच १५ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडलेला आहे.

आता ठेकेदार म्हणतो स्टार-डेल्टा काढा, ड्राइव्ह घाला. केबल आहे तीच चालेल, त्यातलाही एकच रन जोडू, दुसरा स्पेअर राहील. स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टर बायपाससाठी, म्हणजे ड्राइव्ह वगळून मोटार थेट लाइनवर चालवायला, तसेच ठेवू. कोटेशनमध्ये ड्राइव्हशिवाय दुसरं काहीच नाही. मला हे जरा जास्तच स्वस्त वाटतंय. एका रनवर चालेल का? नवीन केबल घ्यायची तर किती स्क्वेअरची? अजून काय विचारायचं राहिलंय ते पण सांगा.

जोडणी_मास्तर

२५ स्क्वेअर आरामात ९० अँपिअर घेते, टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे ५० एचपी एका २५ वर चालू आहे. ड्राइव्हला स्टार्टिंग करंटच नसतो, त्यामुळे केबल उलट बारीक चालते. ठेकेदार बरोबर सांगतोय.

जुना_पॅनलवाला

नाही चालणार. मास्तर, राग मानू नका, पण स्टार्टिंग करंट हा केबल ठरवायचा निकष इथं नव्हताच. सुरुवातीची दहा सेकंदं केबलला काही होत नाही. ती तापते दिवसाचे आठ तास सलग चालणाऱ्या करंटनं, आणि ड्राइव्ह लावल्यावर नेमका तोच एका रनमध्ये वाढणार आहे.

हिशोब असा. स्टार-डेल्टात मोटारीकडे सहा वायरी जातात, म्हणजे मोटार डेल्टात चालताना प्रत्येक केबलमधून फेज करंट जातो, लाइन करंट नाही. ७९ भागिले १.७३, म्हणजे ४६ अँपिअर. तुमची २५ ची केबल आजवर ४६ अँपिअर वाहत आली, म्हणून ती कधी गरम लागली नाही. ड्राइव्हमध्ये डेल्टाची जोडणी मोटारीच्या बॉक्सात पट्ट्या टाकून होते आणि खाली तीनच वायरी जातात. त्या तिघींना पूर्ण ७९ घ्यावे लागतात. "इतकी वर्षं चालली" या वाक्याचा इथं काही उपयोग नाही, कारण हा भार तिनं कधी उचललाच नाही.

आता ९० अँपिअरचं. केबलवरचा छाप वाचा. एवायएफवाय असेल तर पीव्हीसी, ए-टू-एक्स-एफवाय असेल तर एक्सएलपीई. मास्तरांचा ९० चा आकडा एक्सएलपीईचा आहे. पीव्हीसी असेल तर २५ अॅल्युमिनियमला हवेत साधारण ७० अँपिअर, तेही सभोवतालचं तापमान ४० धरून. काठावर उघड्या खांबावर, मे महिन्यात, दुपारी? तिथं ५० धरा. पीव्हीसीचा कंडक्टर ७० अंशांच्या वर न्यायचा नसतो, त्यामुळे ५० ला क्षमता ८२ टक्क्यांवर येते. राहिले ५७ अँपिअर. त्यावर ७९ चालवायचे म्हणताय.

शिवाय ड्रॉप, म्हणजे केबलमध्येच खाल्लं जाणारं व्होल्टेज. एका रनवर १३० मीटरमध्ये २२ व्होल्टच्या पुढं जातो, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त. ड्राइव्ह आत येणाऱ्या व्होल्टेजपेक्षा जास्त बाहेर देऊ शकत नाही, त्यामुळे हा ड्रॉप सरळ मोटारीच्या अंगावर बसतो.

दोन्ही रन समांतर जोडले तर मात्र ड्रॉप ११ व्होल्टवर येतो, पावणेतीन टक्के. क्षमता दोन्ही मिळून १४०, तापमानाचे ८२ टक्के, शेजारी-शेजारी आहेत म्हणून अजून दहा टक्के कापा, तरी १०३ उरतात. एवढं पुरे. अट एकच, दोन्ही रन एकाच मापाचे आणि एकाच लांबीचे हवेत. नाहीतर आखूड रन जास्त करंट ओढतो.

पण ही जोडणी करताना जीव मुठीत धरावा अशी एक जागा आहे. आज तुमचा पहिला रन यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ वर (मोटारीच्या तीन वायंडिंगच्या एका टोकांवर) आहे, दुसरा यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२ वर (त्यांच्याच दुसऱ्या टोकांवर). समांतर करायचं म्हणजे दुसऱ्या रनचा लाल पण यू-१ वर, पिवळा व्ही-१ वर, निळा डब्ल्यू-१ वर, आणि नंतर डेल्टाच्या पट्ट्या: यू-१ ते डब्ल्यू-२, व्ही-१ ते यू-२, डब्ल्यू-१ ते व्ही-२. कोणी वरच्या खोलीत दोन्ही लाल एकत्र केले आणि खाली मोटारीकडे दुसरा रन जुन्या जागीच ठेवून पट्ट्या टाकल्या, तर ड्राइव्हच्या तोंडावर थेट फेज-टू-फेज शॉर्ट. म्हणून पट्ट्या टाकायच्या आधी एकेक कोअर बझरनं वाजवून बघायचा आणि टेप लावून खूण करायची. आणि "एका केबलमध्ये तिन्ही यू, दुसरीत तिन्ही व्ही" असला प्रकार चुकूनही नको. प्रत्येक रनमध्ये तिन्ही फेज हव्यात, नाहीतर आर्मर तापतं.

नवीनच टाकायची असेल तर ५० स्क्वेअर अॅल्युमिनियम एक्सएलपीई, ड्रॉप १३ व्होल्ट म्हणजे ३.२ टक्के. किंवा ३५ स्क्वेअर तांबं, ड्रॉप ११ च्या आत. नदीकाठी तांबं किती दिवस जागेवर राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको. साडेतीन कोअर घेऊ नका, ड्राइव्हच्या आउटपुटला न्यूट्रल लागतच नाही आणि तो अर्धा कोअर केबलची समतोल रचना बिघडवतो. तीन कोअर आर्मर्ड घ्या. खरी ड्राइव्हची केबल म्हणजे तांब्याच्या शिल्डची, आत तीन अर्थ कोअर सारख्या अंतरावर असलेली. परवडली तर उत्तमच, पण १३० मीटरला तिचा भाव ऐकून तुमचं मंडळ ठराव मागे घेईल.

आता ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये जे नाही ते.

कपॅसिटर आधी काढा. आजच लिहून ठेवा. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर म्हणजे आयजीबीटीचा (ड्राइव्हमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) खून. तो पल्स सोडतो, कपॅसिटर दर पल्सला शॉर्टसारखा करंट ओढतो. ट्रिप झाला तर नशीब समजा. तो काढून इनपुटला पण लावू नका. डायोड ब्रिजच्या ड्राइव्हचा विस्थापन पॉवर फॅक्टर मुळातच ०.९५ च्या आसपास असतो, आणि हार्मोनिक्सनं (ड्राइव्हनं लाइनवर मिसळलेल्या जास्त वारंवारतेच्या करंटनं) तो कपॅसिटर फुगेल.

स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टर ड्राइव्हच्या पुढं ठेवायचे नाहीत. बायपास हवाच असेल तर ड्राइव्हच्या आउटपुटचा कॉन्टॅक्टर आणि लाइनचा कॉन्टॅक्टर यांच्यात मेकॅनिकल इंटरलॉक पाहिजे. आउटपुटवर लाइन सप्लाय आला की ड्राइव्ह संपला, वॉरंटीसकट. शिवाय रन समांतर केल्यावर स्टार-डेल्टा राहतच नाही. मग बायपास म्हणजे ६० एचपी डायरेक्ट ऑनलाइन. तुमचा ट्रान्सफॉर्मर ते सोसेल का, विचारा.

आणि मोठा प्रश्न: लांबी. ड्राइव्ह मोटारीला साइन वेव्ह देत नाही, ५६० ते ५९० व्होल्ट डीसीचे तुकडे देतो, सेकंदाला काही हजार. आयजीबीटी ०.१ मायक्रोसेकंदात चालू होतो. केबलमध्ये ती लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावते. म्हणजे सात-आठ मीटरच्या पुढं केबल गेली की मोटारीच्या टर्मिनलवरून लाट परत उसळते आणि तिथं शिखर जवळजवळ दुप्पट होतं. तुमच्याकडे १३० मीटर आहेत, म्हणजे पूर्ण दुप्पट धरा, ११०० च्या वर. ड्राइव्हच्या टर्मिनलवर मीटर लावून हे दिसत नाही, तिथं सगळं आलबेल असतं. मार खाते ती खालची मोटार. साध्या जुन्या मोटारीला, त्यात भरलेल्या, हे रोज दाखवू नका. आउटपुटला निदान डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजची उडी सौम्य करणारा) हवा. जुन्या वायंडिंगला साइन फिल्टर (तुकड्यांची जवळजवळ साइन वेव्ह करणारा) जास्त चांगला, फक्त त्याचा स्वतःचा काही टक्के ड्रॉप असतो, तो हिशोबात धरा. कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ते तुकडे सोडायचा वेग) फिल्टरवाला सांगेल तेवढीच ठेवा. फिल्टर डीव्ही-डीटीचा असेल तर २ किलोहर्ट्झच्या आसपास. पंप थोडा गुणगुणेल, नदीकाठी कोणाची झोप मोडत नाही.

मॅन्युअलमध्ये केबलची कमाल लांबी शिल्डेड आणि अनशिल्डेड अशी वेगळी दिलेली असते. आर्मर्ड केबल शिल्डेडच्या रकान्यात धरा, आणि रन समांतर असतील तर दोन्हींची बेरीज करा. तुमची लांबी मग २६० होते. ठेकेदाराला हा आकडा सांगून त्याचं तोंड बघा.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. ड्राइव्ह हवाच का? पंपाचं स्पीड ९० टक्के केलं की हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ८१ टक्के होतं. तुमचं बहुतेक हेड नदी ते हौद अशी सरळ उंचीच असणार. स्पीड कमी केलं तर पाणी हौदापर्यंत चढणार नाही, मग बचत कसली? फक्त हळू सुरू आणि हळू बंद करायचं असेल तर सॉफ्ट स्टार्टर निम्म्याहून कमी पैशात होतो. तो चालताना सरळ ५० हर्ट्झचीच साइन देतो, त्यामुळे लांब केबलची ही सगळी भानगड नाही. केबलचा हिशोब मात्र तोच राहतो, आणि कपॅसिटर तिथंही आउटपुटला चालत नाही.

भरणावळ_इचलकरंजी

मी मोटारी भरतो, म्हणून एवढंच सांगतो. लांब केबलवर ड्राइव्हनं गेलेली मोटार उघडली की ओळखू येते. ओव्हरलोडनं जळालेलं वायंडिंग सगळीकडून सारखं काळं पडतं. सिंगल फेजिंगनं गेलं तर एकदोन फेजच काळे, बाकीचे स्वच्छ. ड्राइव्हच्या मोटारीत बाकी सगळं वायंडिंग पिवळंधमक असतं आणि लीड वायर जिथं पहिल्या कॉइलला जोडली त्याच्या पहिल्या दोनचार वेढ्यांत टाचणीएवढं भोक, तिथंच वेढे एकमेकांना चिकटलेले. लाटेचा सगळा जोर पहिल्या वेढ्यांवर येतो. साध्या तारेवर साधं व्हार्निश असेल तर हे वर्ष-दोन वर्षांत होतं, कधी आठवड्यात.

मोटार पुढच्या वेळी भरायला टाकाल तेव्हा भरणाऱ्याला आधीच सांगा की ड्राइव्हवर आहे. तार ड्युअल कोट घेता येते, फेजच्या मधला पेपर वाढवता येतो, व्हार्निश दोनदा भाजता येतं. नंतर सांगून काही होत नाही.

बेअरिंग पण बघत जा. काढलेल्या बेअरिंगच्या रेसवर धुण्याच्या फळीसारखे आडवे पट्टे दिसले तर ग्रीसचा दोष नाही, शाफ्टमधून करंट जातोय. ४५ किलोवॅटला हे कमी दिसतं, पण अर्थिंग ढिलं असेल तर दिसतं.

पाणीसंस्था_शिरोळ

सगळ्यांचे आभार. पॅनलवाले काका, छाप बघितला, एवायएफवायच आहे. म्हणजे पीव्हीसी. आणि एक गोष्ट लिहायची राहिली. ड्राइव्हचं मुख्य कारण व्होल्टेज. आम्ही लाइनच्या शेवटाला आहोत. रात्रीच्या पाळीत ३७० पर्यंत खाली येतं, स्टार-डेल्टा डेल्टात जाताना अख्ख्या वाडीचे दिवे मिणमिणतात, कधी कॉन्टॅक्टरच सुटतो. सॉफ्ट स्टार्टरनं हे जाईल का?

दुसरं, ठेकेदार म्हणतो आर्मर एकाच टोकाला अर्थ करायचं, दोन्हीकडे केलं तर करंट फिरतो. आणि अर्थ लीकेज रिले (जमिनीत करंट गळला की सप्लाय तोडणारा) लावू नका, ड्राइव्हवर ट्रिप होतो. हे बरोबर आहे का?

जुना_पॅनलवाला

३७० चं आधी सांगायचं की. मग ड्राइव्हला कारण आहे, माझं सॉफ्ट स्टार्टरचं म्हणणं मागे. सॉफ्ट स्टार्टर पंप उचलताना तिप्पट-साडेतीनपट करंट तर घेणारच, म्हणजे अडीचशेच्या वर. लाइनच्या शेवटाला तो कॉन्टॅक्टर तसाच सुटेल. ड्राइव्ह इनपुटला फुल लोडच्या वर न जाता पंप उचलतो.

पण मग ३७० चा हिशोब वेगळा करा. तेवढीच शक्ती काढायची तर करंट ७९ चा ८८-८९ होतो. समांतर रनचे १०३ त्याला पुरतात, एका रनचा प्रश्नच मिटला. ड्राइव्ह मात्र ४५ किलोवॅटचा घेऊ नका, एक माप वरचा ५५ चा घ्या, आणि प्लेटवरचे किलोवॅट न बघता त्याचा आउटपुट अँपिअर बघा. इनपुटला ३ टक्क्यांचा चोक घाला. चोक नसलेला डायोड ब्रिज करंट टोकदार शिखरांत ओढतो, केबल आणि ट्रान्सफॉर्मर उगाच तापतात. मीटरपासून पॅनलपर्यंतची केबल आणि फ्यूज मोटारीच्या करंटवर नाही, ड्राइव्हच्या मॅन्युअलमधल्या इनपुट करंटवर आणि फ्यूजच्या तक्त्यावर ठरवा.

आर्मर दोन्ही टोकांना. एक टोक हे सिग्नलच्या वायरचं शास्त्र आहे, पॉवरला लागू नाही. ड्राइव्हमधून निघालेला उच्च वारंवारतेचा गळती करंट मोटारीच्या अंगावरून परत ड्राइव्हकडे यायला वाट शोधतो. आर्मरनं जवळची वाट दिली तर ठीक, नाहीतर तो शाफ्ट, बेअरिंग, पंप आणि पाइपमधून फिरतो. आणि ग्लँड (केबल बॉक्सात शिरते तिथली पकड) नीट. तुम्ही दर पावसाळ्यात मोटार उचलता, म्हणजे ते ग्लँड दरवर्षी सुटतं आणि घाईत परत लागतं. मी पाहिलेत असे बॉक्स: आर्मरच्या पट्ट्या मागे वळवून वर काळी टेप, ग्लँडचा नट पिशवीत. डबल कॉम्प्रेशन ग्लँड घ्या, पट्ट्या कोनाखाली पूर्ण गोलाकार दाबल्या गेल्या पाहिजेत. लग बायमेटॅलिक, मापाच्या डायनं क्रिम्प केलेले. एका स्टडवर दोन रनचे दोन लग आणि पट्टी येणार, म्हणून टर्मिनल बॉक्स मोठा करून घ्या. पावसाळ्यात सुटलेल्या केबलची टोकं हीट-श्रिंक कॅप घालून वर टांगायची, चिखलात नाही. अॅल्युमिनियमच्या तारांमध्ये पाणी शिरलं की ते आत मीटरभर पांढरं पडत जातं.

म्हणून जुने रन वापरायच्या आधी १००० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) प्रत्येक कोअर बघा, कोअर-कोअर आणि कोअर-आर्मर. दोन्ही टोकं सुटी करून. १० मेगाओमच्या खाली आली तर ती केबल मी तरी ड्राइव्हवर घालणार नाही. आणि ड्राइव्हची यू, व्ही, डब्ल्यू सोडवल्याशिवाय मेगर लावायचा नाही, कधीच.

मोटारीच्या फ्रेमला दोन स्वतंत्र अर्थ, हे तर कायद्यातच आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत. जॅकवेलचा अर्थ पिट आणि वरच्या खोलीचा अर्थ पिट जीआय पट्टीनं जोडा. केबलच्या बाजूनंच खोदाई होणार आहे, पट्टीचा खर्च त्यात फार नाही. ड्राइव्हच्या स्वतःच्या अर्थ टर्मिनलला कमीत कमी १० स्क्वेअर तांबं. हा तुटला तर ड्राइव्हच्या अंगावर जो करंट येतो तो जीवावर बेतणारा असू शकतो.

लीकेज रिले काढू नका. ट्रिप होतो तो ३० किंवा १०० मिलीअँपिअरचा साधा रिले. ३०० मिलीअँपिअर, थोड्या विलंबाचा आणि बी टाइपचा घ्या. साधा एसी टाइप घेतला तर ड्राइव्हमधल्या डीसी फॉल्टला तो आंधळा होतो, नुसता शोभेला राहतो. जॅकवेलवर ओल असते, माणसं अनवाणी उतरतात, तिथं हे वाचवायचे पैसे नव्हेत. पातळीच्या सेन्सरची वायर असेल तर मोटार केबलपासून फूटभर तरी लांब, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात.

पाणीसंस्था_शिरोळ

सेन्सरची वायर त्याच खड्ड्यात आहे, टाय मारून. काढतो. काका, ऑटो स्विच ड्राइव्हला लावता येतो का? लाइट येते तेव्हा रात्री कोणी वर नसतं.

जुना_पॅनलवाला

ऑटो स्विच लावू नका. ड्राइव्हमध्येच लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याचं पॅरामीटर असतं. पण ते चालू करायच्या आधी खाली जॅकवेलवर लाल मशरूम बटण बसवा, लॅच होणारं, ड्राइव्हच्या सेफ टॉर्क ऑफच्या (मोटारीचा जोर तोडणाऱ्या) टर्मिनलवर वायर केलेलं. मोटारीजवळ आयसोलेटर असेल तर त्याचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट आधी उघडून ड्राइव्ह थांबला पाहिजे, चालू लोडवर आउटपुट तोडायचा नाही. पण बटण म्हणजे सप्लाय बंद नव्हे. कोणी बॉक्स उघडायला किंवा मोटार उचलायला उतरणार असेल तर वरच्या खोलीतला इनकमर बंद, त्याला कुलूप, चावी उतरणाऱ्याच्या खिशात. त्यानंतर ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून बघायचं. दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नसतं.

ठेकेदाराकडून नवीन कोटेशन घ्याल तेव्हा फिल्टर, चोक, ग्लँड, लग, अर्थ पट्टी आणि बटण वेगवेगळ्या ओळींत मागा. "इतर साहित्य" अशी एक ओळ आली तर परत करा.